फुकट अक्षरांचा दावा

चाळीस वर्षांच्या वकिलीतला निम्मा वेळ मी वाटांवर घालवला. चालण्यात नव्हे, वाटांच्या भांडणात. मुळशी तालुक्यात भातखाचरं लहान, बांध अरुंद आणि प्रत्येकाचं खाचर दुसऱ्याच्या खाचरापलीकडे. पौडला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये मी टेबल टाकलं, त्या दिवसापासून समोर येणारा दर दुसरा माणूस "त्यानं माझी वाट आडवली" असंच म्हणत यायचा. पुण्यात कंपन्यांचे खटले चालवणारे माझे वर्गमित्र मला 'बांधावरचा वकील' म्हणत. मला राग यायचा, पण ते खोटं नव्हतं.

अलीकडे माझी भाची घरी जेवायला आली होती. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जेवता जेवता म्हणाली, "मामा, काही लोक सॉफ्टवेअर लिहितात आणि जगाला फुकट देऊन टाकतात. पण अट घालतात, की आमची सूचना पुसू नका, आणि बदल केलात तर तोही असाच मोकळा ठेवा. ही अट कोर्टात टिकते का? आमच्याकडच्या वकिलांची यावरून जुंपलीय." मी घास गिळला आणि म्हटलं, हा दावा मी ऐंशीच्या दशकात लढवलाय, तोही मुळशीच्या माणसासाठी. तिला वाटलं मी तिची थट्टा करतोय. मामाच्या अशिलांमध्ये म्हशी आणि बांध यांपलीकडे काही असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडा कायदा सांगायला हवा. घाबरू नका, बांधावरचाच आहे.

मुठा खोऱ्यात धोंडिबा नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी शेजाऱ्याला आपल्या खाचरातून बैलगाडी न्यायला वाट दिली. एक पैसा घेतला नाही. एवढंच म्हणाले, की गाडी गेली की काट्यांचं कवाड लावत जा. शेजारी वर्षभर लावत होता, मग कंटाळला. एक दिवस कवाड उघडं राहिलं आणि गुरं शिरून हातातोंडाशी आलेलं भात खाऊन गेली. धोंडिबांनी वाट बंद केली. शेजारी कोर्टात गेला, की एकदा दिलेली वाट परत घेता येत नाही.

आता इथे दोन गोष्टी होऊ शकतात. धोंडिबा आणि शेजारी यांच्यात 'करार' झाला असं म्हटलं, तर कायदा पहिला प्रश्न विचारतो, मोबदला काय? फुकट दिलेल्या शब्दाला करार म्हणायला कायदा सहसा तयार नसतो. पण ती वाट म्हणजे 'परवानगी' असेल, तर गोष्ट फिरते. माझ्या जमिनीत येण्याची परवानगी मी देतो ती अमुक अटीवर देतो. अट मोडलीस की परवानगी संपली, आणि परवानगीशिवाय आत आलास तर तू घुसखोर. मोबदल्याचा प्रश्नच येत नाही. धोंडिबा जिंकले. त्या दाव्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही, धोंडिबांनी घरचे तांदूळ तेवढे पाठवले.

त्यानंतर काही वर्षांनी दिनकर ओव्हाळ माझ्याकडे आले. मुळशी धरणाच्या काठी त्यांचं घर. पिंपरीच्या एका कारखान्यात संगणक चालवायच्या खात्यात नोकरीला. तिशीतला, सावळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्यांनी जुन्या डायरीतून एक काळी, चौकोनी, पातळ वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. मी ती उचलून वाकवून पाहायला लागलो तसे ते घाईघाईनं म्हणाले, "वाकवू नका साहेब, आत अक्षरं हायेत." फ्लॉपी नावाची वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली.

गोष्ट अशी होती. दिनकर पूर्वी दर रविवारी पुण्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. त्या बदल्यात क्लासचं यंत्र त्यांना वापरायला मिळे. त्यावर त्यांनी मराठी अक्षरं उमटवणारा एक प्रोग्राम तयार केला होता. अक्षरं मोठी, गोल आणि सुटी. पहिलीतल्या मुलाला बोट ठेवून वाचता येतील अशी. छपाई यंत्राची फीत काढून ठेवायची आणि त्यात मेणकागद घालायचा, की यंत्राच्या सुया त्यावर अक्षरं टोचत. मग त्या मेणकागदावरून कोणत्याही शाळेत हातानं फिरवायच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हव्या तेवढ्या प्रती काढता येत. ज्या शाळेत वीजही नव्हती, तिथल्या मुलांच्या हातात वाचनाचे कागद पडू लागले होते. दिनकरनी ही फ्लॉपी क्लासवाल्यांना दिली, त्यांनी आणखी कुणाला दिली, आणि ती फिरत फिरत कुठल्या कुठे गेली.

प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर पहिल्यांदा दिनकरनी लिहिलेली सूचना यायची. ती मला तोंडपाठ आहे. 'हा अक्षरसंच फुकट आहे. घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. बदल केलात तर बदललेलाही असाच फुकट द्या. ही सूचना पुसू नका.' वकिलाचा हात लागला नव्हता म्हणून ती कुणालाही समजत होती.

आणि पुण्यातल्या एका संगणक विक्रेत्यानं नेमकी तीच पुसली होती. अक्षरसंचाला नवं नाव दिलं, प्रती काढता येऊ नयेत म्हणून आत कुलूप घातलं आणि शाळांना विकायला काढला. इथवर दिनकरनी मनावर घेतलं नव्हतं. पण आता त्या विक्रेत्यानं फुकटची अक्षरं वापरणाऱ्या शाळांना नोटिसा धाडल्या होत्या, की तुमच्याकडचा माल चोरीचा आहे, वापर थांबवा. दोन मुख्याध्यापकांनी घाबरून कागद छापणं बंद केलं होतं.

दिनकरनी त्यातली एक नोटीस माझ्यापुढे सरकवली. "मला पैसं नकोत साहेब. ह्यांनी शाळांना भ्या घातलंय, त्येवढं काढा. माझा बाप चाळिशीत अक्षरं शिकला. कुणीतरी हातानं लिहून दिलेल्या कागदावर शिकला. त्या माणसानं बापाकडनं काय घेतलं व्हतं?"

मी वकीलपत्र घेतलं. खरं सांगायचं तर थोडा चेवही चढला होता. बांधावरच्या वकिलाला पुण्याच्या जिल्हा न्यायालयात कॉपीराइटचा दावा लावायला मिळत होता. संगणकाचे प्रोग्राम त्या कायद्यात नुकतेच कुठे आले होते आणि वर्गमित्रांपैकी कुणीही असला दावा पाहिलेला नव्हता. मी नवा कोट शिवला.

आणि पहिल्याच तारखेला आपटलो. मी दाव्यात लिहिलं होतं की सूचना म्हणजे करार आहे आणि प्रतिवादीनं करार मोडला. न्यायाधीश शांत गृहस्थ होते. त्यांनी दावा वाचला आणि विचारलं, "वकीलसाहेब, मोबदला काय?" मोबदला नव्हताच. वाटांचे शेकडो दावे चालवलेला मी, शहरातल्या कोर्टात आल्याबरोबर शहरातल्या वकिलासारखं बोलायला गेलो होतो. समोरचे वकील वयानं मोठे, फार सभ्य. ते माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत, त्याचं जास्त लागलं.

परतीच्या एसटीत चांदणी चौकाच्या पुढे मला धोंडिबांचं कवाड आठवलं. हा करार नव्हेच. ही वाट आहे. अक्षरं दिनकरची, त्यांत यायची परवानगी दिनकरची, आणि परवानगीला अट. अट मोडली की आत आलेला माणूस घुसखोर. पुढच्या तारखेला मी दाव्यात दुरुस्ती मागितली आणि भातखाचर, गुरं, कवाड सगळं न्यायाधीशांपुढे मांडलं. समोरच्या वकिलांनी उत्तर दिलं, की ही वाट नाही, ही रानातली करवंदं आहेत. फुकट म्हणून जगापुढे टाकली, ज्यानं तोडली त्याची झाली. मी म्हटलं, रानातली करवंदं कुणी लावलेली नसतात, ही लावलेली आहेत. मग न्यायाधीशांनी हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत प्रतिवादीनं कोणत्याही शाळेला नोटीस पाठवायची नाही. विक्रीवर मात्र बंदी घातली नाही. दिनकरना तेवढंही पुरेसं होतं. ते त्या दोन मुख्याध्यापकांकडे हुकमाची नक्कल स्वतः घेऊन गेले.

मग तारखा पडत राहिल्या. पुरावा सुरू व्हायला दीड-दोन वर्षं गेली. माझ्याकडे एक हुकमी एक्का होता. विक्रेत्याचं म्हणणं होतं की त्याची अक्षरं त्यानं स्वतंत्रपणे तयार केली. पण ही अक्षरं ठिपक्यांची बनलेली, आणि दिनकरच्या 'ज्ञ'मध्ये एक ठिपका राहून गेला होता. गाठीच्या जागी पांढरी फट दिसायची. आणि विक्रेत्याच्या 'ज्ञ'मध्येही नेमकी त्याच जागी तीच फट. दोन माणसं वेगवेगळी बसून एकच चूक करत नाहीत. मी दोन्ही कागद न्यायाधीशांपुढे शेजारी शेजारी ठेवले आणि खाली बसलो तेव्हा स्वतःवर बेहद्द खूश होतो.

उलटतपासणीला समोरचे वकील उठले. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि दिनकरना अगदी सहज विचारलं, की हा ठिपका तुमच्याकडून का राहिला? दिनकर खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यांनी तितक्याच सहज उत्तर दिलं, "माझ्याकडनं न्हाई साहेब. शालनकडनं ऱ्हायला असंल."

"शालन कोण?"

"आमची मंडळी."

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. अक्षरं कुणी काढली? शालननं. कशावर? चौकटीच्या कागदावर, पेन्सिलनं, एकेक चौकोन भरून. तुम्ही काय केलं? चौकोन वाचून यंत्रात भरले, छापायचा प्रोग्राम लिहिला. म्हणजे अक्षरं तुमची नाहीत? नाहीत. ती वाटायला पत्नीची लेखी परवानगी घेतली होती? नव्हती. तोंडी? दिनकरनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. समोरच्या वकिलांनी न्यायाधीशांना एवढंच सांगितलं, की वादीच्या विद्वान वकिलांनी आपल्याला वाटेचा कायदा शिकवला, पण शेत वादीच्या नावावर नाही.

ते बरोबर बोलत होते. जे शेत आपलं नाही त्यातून वाट देता येत नाही, तर तिला अट कुठली घालणार. दिनकरची परवानगीच पोकळ ठरली असती, तर तिच्या आधारानं अक्षरं वापरणाऱ्या शाळाही उघड्यावर पडल्या असत्या. विक्रेत्याच्या नोटिसा खऱ्या ठरल्या नसत्या, पण मुख्याध्यापकांना हा बारकावा कोण समजावणार? पुन्हा कागद बंद झाले असते.

त्या रविवारी मी मुळशीला दिनकरच्या घरी गेलो. दोन खोल्या, शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागे धरणाचं पाणी. शालनबाई तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना एकदाही भेटलो नव्हतो. त्यांनी चहा दिला. मग आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि चौकटीच्या कागदांची एक थप्पी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. वरचाच कागद 'ज्ञ'चा होता.

"बघा साहेब. ठिपका हाय का न्हाई?"

होता. नीट काळा केलेला, गाठीच्या अगदी मधोमध.

"माझ्याकडनं ऱ्हायला न्हाई. ह्यांनी वाचताना गाळला. आन् भर कोर्टात माझ्यावर घातला." दिनकर दाराशी उभे होते ते आणखी थोडे बाहेर सरकले.

मी थप्पी चाळली. एकेका अक्षराचे चार-चार, पाच-पाच कागद होते, खोडलेले, पुन्हा काढलेले. मुलं कोणत्या अक्षराशी अडतात ते कोपऱ्यात बारीक लिहिलेलं. 'घ आणि ध एकसारखे वाटतात, डोकं वेगळं कर.' 'भ ची गाठ मोठी.' किती सुट्ट्यांच्या दुपारी त्यात गेल्या असतील कोण जाणे. आणि मी दोन वर्षं हा दावा चालवत होतो, कोटाच्या खिशात हात घालून कोर्टासमोर भाषणं करत होतो, आणि अक्षरं कुणी काढली हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं हेही खरं नाही. विचारायची सवयच नव्हती. वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडल्याचे कागद मी तोवर बहिणींकडून सही करून घेत आलो होतो. भाऊ बोलायचा, मी लिहायचो, बहीण सांगितलं तिथे अंगठा उठवायची. तिला काय वाटतं ते विचारायचं काम कायद्यानं माझ्यावर टाकलेलं नव्हतं, म्हणून मी कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशीही माझ्यातला वकील आधी बोलला. मी म्हटलं, बाई, तुम्हालाही वादी करून घेतो. साक्षीला या आणि एवढंच सांगा, की नवऱ्याला तेव्हाच तोंडी परवानगी दिली होती. नवराबायकोत असंच चालतं, कोर्टही मान्य करील.

शालनबाईंनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या. "मला कुणी विचारलंच न्हाई, तर मी दिली कशी म्हणू? शपथ घेऊन?"

"तुमची हरकत होती का?"

"हरकत न्हवती. पर हरकत न्हवती म्हंजी विचारलं असं व्हतं का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात समजावतात तसं त्या सांगत होत्या. "पोरांच्या हातात कागद पडत्यात ह्याचा मला आनंदच हाय. फ्लॉपीवर ह्यांची सूचना मी वाचली तवा लई बरं वाटलं. मग मनात आलं, समद्या जगाला सांगितलं, घ्या म्हणून. मला तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

दिनकर बाहेर अंगणात उगीचच सायकल पुसत होते. मी चहा संपवला आणि शेवटच्या एसटीची वाट न पाहता निघालो. दावा हातचा गेला असंच मनात धरून चाललो होतो.

पुढच्या तारखेला दोघंही आले. बाईंना वादी करून घ्यायचा माझा अर्ज मंजूर झाला. न्यायालयाबाहेर दिनकरनी मला घडी घातलेला एक कागद दिला आणि म्हणाले, की हा लागला तर दाखवा, न्हाईतर नको. मी तो वाचला आणि फाइलीत ठेवला.

शालनबाई साक्षीच्या कठड्यात उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडून चौकटीचे कागद ओळखवून घेतले. ठिपका कुणाकडून राहिला तेही त्यांनी न विचारता सांगितलं. मग समोरचे वकील उठले.

"तुमच्या पतींनी ही अक्षरं वाटली, तेव्हा तुम्ही परवानगी दिली होती?"

"नव्हती दिली." कोर्टात त्या शाळेतलं मराठी बोलत होत्या.

"म्हणजे त्यांनी घातलेली अट त्यांच्या अधिकारात नव्हती."

"तेव्हा नव्हती. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं. लेखी विचारलं. आता मी दिली, अटीसकट दिली. आधी वाटल्या त्या फ्लॉप्यांनाही दिली."

वकिलांनी हरकत घेतली, की दावा चालू असताना तयार केलेला कागद ग्राह्य धरू नये. न्यायाधीश म्हणाले, पाहू तर द्या. मी तो पुढे केला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग कागद बाजूला न ठेवता हातातच धरून बाईंना विचारलं, "आणि या प्रतिवादींचं काय?"

शालनबाईंनी विक्रेत्याकडे पाहिलं. बोलताना शाळेतलं मराठी गळून पडलं.

"हे घरचे, ह्यांनी उशिरा का व्हईना विचारलं. त्या साहेबांनी अजून विचारलेलं न्हाई."

कोर्ट मधल्या सुट्टीसाठी उठलं. व्हरांड्यात आम्ही उभे होतो तर तो विक्रेता एकटाच आमच्याकडे आला. तोवर मी त्याला नीट पाहिलंही नव्हतं. दिनकरच्याच वयाचा होता. कुणाच्या मालकीची नसलेली वस्तू सापडली असं त्याला मनापासून वाटलं असावं, मग एक खोटं दुसऱ्याला ओढत गेलं. वकिलाला न सांगता आला होता. म्हणाला, "बाई, विचारतो. वापरू का?"

"वापरा की," शालनबाई म्हणाल्या. "कुलूप काढा. सूचना होती तशी ठेवा. आन् ज्या शाळांना भिववलं, त्या समद्यांना पत्र टाका."

दुपारी आम्ही तडजोडीची पुरसिस, म्हणजे दोन्ही बाजूंनी सह्या करून कोर्टात द्यायचा कागद, लिहायला बसलो. समोरच्या वकिलांनी एकही शब्द अडवला नाही. सूचनेत आता अक्षरं शालन ओव्हाळ यांची आणि प्रोग्राम दिनकर ओव्हाळ यांचा, हे आणि मुळशीच्या शाळेचा पत्ता यायचा होता. ते मी लिहून घेतलं. मग बाई म्हणाल्या, शेवटी माझी एक ओळ घाला. मी पेन सरसावलं. त्यांनी सांगितलं, 'विचारलंत तर बरं वाटेल.'

मी पेन खाली ठेवलं. बाईंना समजावलं, की ही अट होत नाही. विचारायलाच पाहिजे असं लिहा, नाहीतर ओळ काढा. बरं वाटेल म्हणून जगातलं कुठलंही न्यायालय कुणाला काही करायला लावू शकत नाही. समोरच्या वकिलांनीही मला दुजोरा दिला. त्या दाव्यात आमचं एकमत झालेली ती एकच जागा. बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असू दे तशीच. मी लिहिली.

दावा असा मिटला. आणि म्हणूनच भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. फुकट दिलेल्या परवानगीची अट मोडणारा घुसखोर ठरतो का, यावर त्या न्यायालयानं कधी निकाल दिलाच नाही. संध्याकाळी न्यायाधीशांना त्यांच्या दालनात नमस्कार करायला गेलो तर ते म्हणाले, "वकीलसाहेब, निम्मा निकाल माझ्या डोक्यात तयार होता हो." तुमच्या बाजूनं की विरुद्ध, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. त्याची रुखरुख अजून आहे. तडजोडीवर सह्या घेताना मी अशिलाचं भलं पाहिलं, पण कायद्याच्या पुस्तकात जाऊ शकला असता असा माझा एकुलता एक दावा माझ्याच हातानं मिटवला.

सूचनेतल्या ज्या अटी मी घासूनपुसून लिहिल्या होत्या त्या पुढे किती जणांनी पाळल्या, मला माहीत नाही. पण त्या शेवटच्या ओळीखातर मुळशीच्या शाळेत पोस्टकार्डं यायला लागली. कुठल्या कुठल्या गावचे शिक्षक, बालवाडीच्या बाई, प्रौढ वर्ग चालवणारे, सगळे विचारायचे, की अक्षरं वापरू का? एकानं कळवलं, की तुमचा 'ळ' आमच्या मुलांना जड जातो, थोडा बदलला आहे, चालेल का? बाई प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर टाकायच्या. पौडला कामासाठी आल्या की मला त्यातली दोन-चार कार्डं दाखवायच्या आणि मी मुद्दाम म्हणायचो, बेकायदेशीर ओळ आहे बाई तुमची. त्या हसायच्या. आणि हक्कसोडीचे कागद घेऊन कुणी बहीण आली, की मी भावाला शेडच्या बाहेर चहा प्यायला पाठवू लागलो. माझं त्या प्रकारचं निम्मं काम त्यामुळे गेलं, हेही कबूल करायला हवं.

दिनकर दोन वर्षांपूर्वी गेले. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी शालनबाईंना कार्ड टाकलं, की तुमच्या दाव्याबद्दल लिहू का? त्यांचं उत्तर आलं, अक्षर तसंच, मोठं आणि सुटं. 'वकीलसाहेब, लिहा. ह्यांच्या अर्जाचंही लिहा. ते लाजायचे म्हणून मी कुणाला सांगू दिलं नाही. आता सगळ्यांना कळू दे.'

म्हणून सांगतो. मी त्या रविवारी निघून आल्यावर दिनकर दोन दिवस घरात धड बोलले नाहीत, ताटावरही बसले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी, कारखान्यात रजेचा अर्ज लिहितात तसा त्यांनी एक अर्ज लिहिला आणि शाळा सुटल्यावर, मुलं गेल्यावर, बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. 'प्रति, सौ. शालन दिनकर ओव्हाळ. विषय: आपण काढलेली अक्षरे वापरण्यास व वाटण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदया, वरील अक्षरे मी आपणास न विचारता वाटली. ती माझी नव्हती. चूक झाली आहे. तरी आता विचारत आहे. आपला विश्वासू, दिनकर.' न्यायाधीशांनी दोनदा वाचला तो हा कागद. खाली डाव्या बाजूला शिक्षिकेच्या तांबड्या शाईत शेरा होता:

'मंजूर. अर्जदाराने आधी जेवून घ्यावे.'